रेखाचित्राची साक्ष

आलेखांचा विषय वर्गांत निघाला कीं कांहीं विद्वान् अध्यापकांचा ठराविक इशारा कानीं येतो : ‘चित्र म्हणजे सिद्धता नव्हे.’ वाक्य खरें आहे. परंतु त्याच्या आडोशानें फळ्यावरून रेखाचित्रच हद्दपार करणें हा विद्यार्थ्यांवर उघड अन्याय आहे.

सांगलीला बुद्धिबळाची पंढरी म्हणतात. तेव्हां उदाहरणही पटावरचेंच घेऊं. चार-चार घरांचा लहानसा पट आंखावा, आणि हत्ती एका खेळींत ज्या घरावरून ज्या घरीं जाऊं शकतो तीं घरें रेघेनें जोडावीं. १६ बिंदु व ४८ रेघा होतात. प्रत्येक बिंदूस ६ शेजारी. आणि कोणतेही दोन बिंदु घ्या, ते जोडलेले असोत वा नसोत, त्यांचे समाईक शेजारी दोनच.

आतां पट तोच, पण डावी कड उजवीस व वरची खालचीस मिळाली असें समजून प्रत्येक घर लगतच्या आडव्या, उभ्या व एकाच दिशेच्या तिरप्या घरांशीं जोडावें. आंकडे अगदीं तेच येतात! मग आकृतिही एकच, असें कोष्टकभक्तांनीं कां म्हणूं नये? येथें चित्रच साक्षीस येतें. एका बिंदूचे सहा शेजारी तेवढे वेगळे काढून पाहा. हत्तीच्या आकृतींत त्यांचे दोन सुटे त्रिकोण होतात, दुसरींत एक सलग षट्कोन. बिंदूंचीं नांवें कितीही बदला, दोन तुकड्यांचें एक कडें होणार नाहीं. ज्याला हें दिसलें, त्याला सिद्धता लिहावयास दोन ओळी पुरतात. ज्याला दिसलें नाहीं, त्याचीं पाठ केलेलीं दोन पानेंही व्यर्थ.

ही दुसरी आकृति श्रीखंडे यांच्या नांवानें जगभर ओळखली जाते. पुढें मुंबई विद्यापीठांत गणिताचे प्राध्यापक झालेल्या व २०२० सालीं वयाच्या १०२ व्या वर्षीं निवर्तलेल्या शरदचंद्र श्रीखंडे यांनीं १९५९ सालीं दाखविलें कीं, हत्तीच्या आकृतीस असा जुळा केवळ चार-चारच्या पटावरच सांपडतो. अन्य कोणत्याही चौरस पटावर नाहीं.

मात्र वाटेल तें चित्र साक्षीदार होत नाहीं. तेच १६ बिंदु कसेही विखरून ४८ रेघांचा गुंता केला, तर दोन्ही आकृति सारख्याच अगम्य. आज संगणकाच्या कृपेनें जाळ्यांचीं रंगीत चित्रें पैशाला पासरी झालीं आहेत; त्यांतील पुष्कळशीं डोळे दिपवितात, दाखवीत कांहींच नाहींत. त्यांचा धिक्कार अवश्य करावा. पण खोटा साक्षीदार निघाला म्हणून कोणी न्यायालय बंद करीत नाहीं, उलटतपासणी करतो. अध्यापकांनीं खडू हातीं घ्यावा, आणि प्रत्येक चित्रास एकच प्रश्न विचारण्यास मुलांना शिकवावें : तूं नेमकें काय सिद्ध करतोस?