अब्बांचे घड्याळ आणि दुरुस्तीचा हक्क

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले तेव्हा आमच्या तळमजल्यावरच्या कपाटात अब्बांचे घड्याळ होते. पाणी ओसरल्यावर कपाट उघडले, तर काचेच्या आत गढूळ पाणी साचले होते आणि काटे थांबले होते. अब्बांना जाऊन तेव्हा पाच वर्षे झाली होती.

हे घड्याळ त्यांनी १९८६ साली कुवेतमध्ये घेतले होते. स्विस बनावटीचे, स्टीलचे, ऑटोमॅटिक. त्यासाठी त्यांनी कित्येक महिने पैसे साठवले होते. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेतचा घास घेतला आणि साठवलेल्या दिनारांचा कागद झाला. एक लाखाहून अधिक भारतीय तेव्हा विमानांनी मायदेशी परतले. अब्बाही बसने अम्मानला पोहोचले आणि तिथून मुंबईला आले. हातात एक बॅग आणि मनगटावर हे घड्याळ. पुढे ओढगस्तीच्या दिवसांत ते विकायचा विषय दोनदा निघाला, दोन्ही वेळा अम्मीने विकू दिले नाही.

चिपळूण सावरण्यात दहा दिवस गेले. मग मी ते मुंबईच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेले. इथे माझी पहिली चूक कबूल करतो. पाणी शिरलेले घड्याळ एक दिवसही तसे ठेवू नये. चावी फिरवू नये, हलवू नये, जवळच्या जाणकाराकडून लगेच उघडून कोरडे करून घ्यावे. आतले सुटे भाग केसासारखे बारीक असतात. गंज त्यांना दिवसांत खातो.

आठवड्याने अंदाजपत्रक आले. मशीन बदलणार, तबकडी बदलणार, काटे बदलणार, केसला पॉलिश करणार. खर्च ९२ हजार रुपये. काढलेले जुने भाग परत मिळणार नाहीत, आणि यातले एखादेच काम करून द्या म्हटले तर तेही होणार नाही. त्यापेक्षा नवे घ्या, थोडी सवलत देऊ, असेही सुचवले गेले. काउंटरवरचा मुलगा सभ्य होता, त्याच्यावर माझा राग नाही. मी फक्त विचारले, मग यात अब्बांचे काय उरणार? तो म्हणाला, "केस राहील ना, सर."

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. असा सल्ला तिथे रोज ऐकू येतो. जुना कोड समजून घ्यायला वेळ आणि धीर लागतो, म्हणून ‘नव्याने लिहून टाकू’ म्हणणे सोपे वाटते. कधी कधी ते बरोबरही असते. पण आमच्याकडे तो निर्णय ज्याची प्रणाली आहे तो घेतो, आणि जुना कोड त्याच्याच ताब्यात राहतो. इथे घड्याळ माझ्या घरचे, पैसे माझे, आणि काय ठेवायचे हे मात्र दुसराच ठरवणार.

घड्याळ परत घेतले आणि पुण्यात एका जुन्या घड्याळजींकडे गेलो. त्यांनी मागचे झाकण उघडले, भिंग डोळ्याला लावले आणि आधी मला झाकणाची आतली बाजू दाखवली. तिथे सुईने कोरल्यासारख्या तीन बारीक नोंदी होत्या. दुरुस्ती करणारे आपली खूण आणि तारीख अशी कोरून ठेवतात, पुढच्या कारागिराला कळावे म्हणून. पहिली १९८९ ची, म्हणजे कुवेतची. बाकी दोन इकडच्या. इतकी वर्षे घड्याळ घरात होते, पण हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हते.

"मशीन वाचेल साहेब," ते म्हणाले, "पण हेअरस्प्रिंग गेली आहे आणि दोन चाकं. पार्ट कंपनी आम्हाला देत नाही."

मार्ग त्यांनीच काढला. बाहेर वेगवेगळी नावे असलेल्या अनेक स्विस घड्याळांच्या आत एकाच ईटीए कंपनीची मशीन असतात. अब्बांच्या घड्याळातही तेच निघाले. त्याच मशीनचे एक स्वस्त, बंद पडलेले घड्याळ शोधायला त्यांना चार महिने लागले. त्यातले भाग काढून त्यांनी बसवले. एकूण खर्च साडेअकरा हजार.

सगळे पूर्वीसारखे झाले असे सांगणार नाही. तबकडीवर सहाच्या आकड्याजवळ पुराचा तपकिरी डाग आहे. घड्याळ दिवसाला काही सेकंद मागे पडते. पाण्याजवळ ते न्यायचे नाही. बदलण्याला माझा सरसकट विरोधही नाही. गॅस्केट, मेनस्प्रिंग, ओरखडलेली काच हे झिजणारे भाग आहेत, ते खुशाल बदलावेत. तबकडी, काटे आणि केस यांबाबत मात्र शेवटचा शब्द मालकाचा असावा.

हा प्रश्न केवळ हौशी श्रीमंतांचा आहे असे कुणी म्हणेल. पण सुटे भाग अडवल्याने आधी मार बसतो तो टपरीवजा दुकानात बसलेल्या कारागिराला. युरोपातही हा झगडा झाला आहे. तिथल्या स्वतंत्र घड्याळ दुरुस्तीवाल्यांच्या महासंघाने २००४ मध्ये स्विस कंपन्या सुटे भाग देत नाहीत अशी तक्रार युरोपियन कमिशनकडे केली. कमिशनने ती फेटाळली, २०१० मध्ये न्यायालयाने तो निर्णय रद्द केला, कमिशनने पुन्हा फेटाळली आणि २०१७ मध्ये न्यायालयाने कमिशनचे म्हणणे मान्य केले. गुणवत्ता राखणे आणि नकली घड्याळांना आळा घालणे ही कंपन्यांची बाजू होती. नकली मालाची भीती खरी आहे. पण त्यावर उपाय म्हणून प्रशिक्षित कारागिराची नोंदणी करून त्याला भाग देता येतात. सगळ्यांनाच दार बंद करण्याची गरज नाही.

आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टलही सुरू केले. सुरुवात शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणे आणि वाहने या चार क्षेत्रांपासून झाली. घड्याळे त्यात नाहीत. ती यावीत, अशी मागणी ग्राहक म्हणून आपण केली पाहिजे.

तोवर एवढे तरी करू. घड्याळ दुरुस्तीला देताना प्रत्येक भागाचा वेगळा खर्च लेखी मागा. काढलेले भाग परत मिळतील का, हे आधी विचारा. पॉलिश नको असेल तर तसे पावतीवर लिहून घ्या. आणि सही करण्यापूर्वी आपल्या गावातल्या घड्याळजीला एकदा दाखवा. आमचे घड्याळजी अडुसष्ट वर्षांचे आहेत. शेजारचे स्टूल रिकामे असते, मुलगा दुसऱ्या धंद्यात गेला. पार्टच मिळत नसतील तर त्याने तिथे बसावे तरी कशासाठी?

घड्याळ आता माझ्या बहिणीकडे असते. झाकणाच्या आत चौथी नोंद कोरली गेली आहे.