साडेसहा गुंठ्यांचे लाल मैदान



आज पिकांना सुट्टी. आज टेनिसविषयी लिहिणार आहे. तुम्ही म्हणाल, साहेबांना ऊन लागले की काय! पण थोडे ऐका. हा खेळ मातीवरही खेळतात, आणि त्यातला जमाखर्च तर तुमच्या-आमच्या घरातलाच वाटावा असा आहे.

जर्मनीत नेकार नदीकाठी हाइलब्रॉन नावाचे शहर आहे. भोवतालच्या उतारांवर द्राक्षांचे मळे. तिथे 2014 मध्ये ‘नेकारकप’ ही वार्षिक स्पर्धा सुरू झाली. ती चॅलेंजर दर्जाची, म्हणजे टीव्हीवर गाजणाऱ्या स्पर्धांच्या खालच्या पायरीची.

भोवतालची मोकळी जागा धरून एक मैदान साधारण साडेसहा गुंठ्यांचे भरते. म्हणायचे मातीचे, पण ही रानातली माती नव्हे. भाजलेल्या विटांचा बारीक चुरा. पॅरिसच्या प्रसिद्ध रोलाँ गारोस मैदानावर हा थर जेमतेम एक-दोन मिलिमीटर असतो. खाली सहा-सात सेंटिमीटर चुनखडीची भुकटी, त्याखाली जळक्या कोळशाची खंगर, मग खडी आणि दगड. जादा पाणी निचरून जावे आणि चुनखडीने ओल मात्र धरून ठेवावी, अशी ही रचना. आपल्या काळ्या रानात हे दोन्ही एकदम साधेल तर काय हवे! चुरा वाळला की वाऱ्याने उडतो, जास्त भिजला की खेळ बंद. म्हणून पाइपाने पाणी मारायचे, जाळी ओढून चुरा सारखा करायचा, रूळ फिरवायचा. तालमीची माती आपण ताक, तेल, हळद घालून खणून मऊ करतो. इथे दाबून घट्ट बसवतात.

अशा मैदानावर चेंडूचा वेग मोडतो आणि तो उंच उसळतो. त्यामुळे एकेका गुणासाठी बराच वेळ झुंजावे लागते. ताकदीपेक्षा दमसास जास्त लागतो.

आता जमाखर्चाकडे वळू. हरियाणातल्या झज्जर जिल्ह्यातील एका शिक्षकाचा मुलगा, सुमित नागल. 2023 साली रोम आणि फिनलंडमधील टाम्पेरे येथील मातीवरच्या चॅलेंजर स्पर्धा त्याने जिंकल्या. तो तेव्हा भारताचा पहिल्या क्रमांकाचा खेळाडू. आणि त्याच वर्षी त्याने वृत्तसंस्थेला सांगितले की, बँकेत 900 युरो शिल्लक आहेत, म्हणजे सुमारे ऐंशी हजार रुपये! विमान, मुक्काम, प्रशिक्षक यांचा खर्च आधी. बक्षीस मागाहून, तेही जिंकला तर. बी-खताचे पैसे आधी मोजून आभाळाकडे बघत बसणाऱ्याला हे वेगळे समजावायला नको.

पोराच्या हातात रॅकेट द्यायला माझी ना नाही. पण अकादमीच्या दारात पाय ठेवण्यापूर्वी वर्षाचा सगळा खर्च लिहून मागा, आणि त्यासाठी जमीन गहाण टाकू नका. या बाबतीत माझे मत कडक आहे.

9 जून 2024 रोजी नागलने हाइलब्रॉनची अंतिम लढत तीन सेटमध्ये जिंकली. समोर स्वित्झर्लंडचा अलेक्झांडर रिचर्ड होता. जागतिक क्रमवारीत नागल 77 वा झाला आणि त्याचा पॅरिस ऑलिंपिकचा मार्ग मोकळा झाला. त्याच दिवशी पॅरिसमध्ये कार्लोस अल्काराझने फ्रेंच स्पर्धा जिंकली. त्याला 2000 गुण मिळाले, नागलला 100. ऑलिंपिकमध्ये नागल पहिल्याच सामन्यात हरला.

बरे, हे गुणही कायमचे नसतात. सातबाऱ्यावर एकदा नाव चढले की निश्चिंत, तसे इथे नाही. 52 आठवडे झाले की ते पुसले जातात आणि तेवढे पुन्हा कमवावे लागतात, पीककर्जाच्या नवे-जुन्यासारखेच. 2025 मध्ये नागल पहिल्या शंभरांतून बाहेर गेला, आणि पुन्हा छोट्या छोट्या स्पर्धांची वाट धरणे आले.

पुढील अंकी हरभऱ्यावरील घाटेअळी.