मालकीचा कागद आणि खिडकीमागचा अधिकारी

अमेरिकेतील टेक्सस राज्यात जुनी मोटार विकत घेणाऱ्याने पैसे मोजले, किल्ली हाती घेतली, तरी व्यवहार पुरा होत नाही. मालकीपत्राचे, तेथील भाषेत 'टायटल'चे, रीतसर हस्तांतरण झाले नसेल तर वाहतूक संहितेच्या शब्दांनुसार तो व्यवहार शून्यवत आहे. खरेदीदार व विक्रेता यांच्यापुरती ही कठोरता न्यायालयांनी सौम्य केली आहे हे खरे. पण कागदावाचून पुढे गाडी विकणे किंवा तिच्यावर कर्ज काढणे दुरापास्तच. सार्वजनिक वाहतूक तुटपुंजी असलेल्या त्या प्रदेशात मोटार ही चैन नसून मजुराचे कामावर पोहोचण्याचे साधन आहे.

मालकीपत्र देतो राज्याचा मोटार विभाग. अर्ज स्वीकारतो काउंटीचा निवडून आलेला कर-अधिकारी. (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या जातीचा घटक, टेक्ससमध्ये अशा २५४ आहेत.) वाहन-विक्रीवरील ६.२५ टक्के कर वसूल करणारी खिडकीही हीच. नकाराची कारणे कायद्याने सांगितली आहेत : अर्जातील खोटे विधान, अपुरी माहिती, गाडी चोरीची असल्याचा सकारण संशय, न भरलेले शुल्क इत्यादी. ती रास्तच आहेत, कारण चोरीच्या मालाला सरकारी शिक्का मिळू नये. परंतु यांपैकी एकही कारण नसताना कागद अडवणे हा विवेकाधिकार नव्हे, ती कर्तव्यच्युती होय.

हा भेद अमेरिकन कायद्यात जुना आहे. मार्बरी खटल्यात १८०३ साली आणि केंडॉल खटल्यात १८३८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जेथे कायद्याने कृती ठरवून दिली आहे तेथे अधिकाऱ्याच्या मर्जीला वाव नाही व न्यायालय त्याला आज्ञा करू शकते. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद २२६ मधील महादेश याच इंग्रजी परंपरेतून आलेला आहे. केंटकी राज्यात वाहनांच्या मालकीपत्राचे अर्ज काउंटी क्लार्ककडेच जातात, आणि विवाहाचे परवानेही. रोवन काउंटीच्या क्लार्क किम डेव्हिस यांनी २०१५ मध्ये धर्मश्रद्धेच्या नावाने परवाने नाकारले, तेव्हा संघीय न्यायाधीशांनी अवमानाबद्दल त्यांना तुरुंगात पाठविले; दुय्यम कर्मचाऱ्यांनी परवाने देणे सुरू केल्यावर पाच दिवसांनी त्या सुटल्या. लोकांनी निवडून दिले म्हणून कायद्याने सोपविलेले काम ऐच्छिक होत नाही.

तथापि न्यायालयाचा दरवाजा सर्वांना सारखा उघडा नसतो. ज्याच्याजवळ आधीच्या मालकाचा कागद नाही, त्याच्यासाठी टेक्ससमध्ये हमीपत्राची वाट आहे : गाडीच्या किमतीच्या दीडपट रकमेचे, तीन वर्षांच्या मुदतीचे. चार हजार डॉलरच्या गाडीला सहा हजारांची हमी! ती देते खाजगी कंपनी, आणि तिचा हप्ता परत मिळत नाही. नकाराविरुद्ध सुनावणी हवी तर अर्ज पुन्हा त्याच काउंटी कर-अधिकाऱ्याकडे. त्याचा निर्णय विभागावर बंधनकारक असतो, ही या व्यवस्थेतील चांगली गोष्ट. त्यानेही नाकारले तर काउंटी न्यायालय. तिथवर वकिलाचे शुल्क भरून जाणारा माणूस बहुधा चार हजार डॉलरची गाडी घेणारा नसतो. कारण असल्यास ते लेखी द्यावे, नसल्यास ठरल्या दिवशी कागद द्यावा, आणि विलंबाचा खर्च अर्जदाराऐवजी कार्यालयाने सोसावा, एवढीच मागणी तेथील कष्टकऱ्यांच्या संघटनांनी लावून धरावयास हवी.