डिझेलची महती इंजिनाने नव्हे, दरपत्रकाने लिहिली

१/ "जुनी सात आसनांची गाडी घ्यायची तर डिझेलचीच. पेट्रोलचे इंजिन कुटुंबाचा भार ओढत नाही." हे वाक्य आपल्याकडे वेदवाक्यासारखे उच्चारले जाते. गडकोट आणि ताम्रपट बाजूला ठेवून आज या वाक्याची झडती घेऊ. कारण हा यंत्रशास्त्राचा सिद्धान्त नव्हे. तो अवघ्या काही वर्षांच्या सरकारी धोरणाचा अवशेष आहे, आणि त्यापायी लोक आजही लाखो रुपये मोजतात.

२/ आधी भाराचे पाहू. १९८४ साली आलेल्या मारुती व्हॅनमध्ये, म्हणजे पुढच्या ओम्नीमध्ये, ७९६ घनसेंमीचे तीन सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन पुढच्या आसनांखाली बसवलेले होते. शाळेची मुले, लग्नाचे वऱ्हाड, भाजीच्या पाट्या, रुग्ण, सारे काही तिने वाहिले. तेही २०१९ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत. पेट्रोलला भार झेपत नाही, हे त्या गाडीला कुणी सांगितले नसावे!

३/ इंडोनेशियाचा दाखला तर याहून बोलका आहे. टोयोटाची किजांग तिथे १९७७ साली जन्मली ती पेट्रोल इंजिन घेऊनच. त्याच घराण्यातली गाडी २००० साली क्वालिस या नावाने भारतात आली आणि इथे तिचे नाव झाले ते २.४ लिटर डिझेल इंजिनावर. मग बदलले काय? पंपावरचा दर.

४/ शेतकरी, मालमोटार आणि एसटी यांच्यासाठी डिझेल स्वस्त ठेवले जात होते. जून २०१० मध्ये पेट्रोल नियंत्रणमुक्त झाले, डिझेल मात्र सरकारच्या हाती राहिले. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांच्या वर गेले तेव्हा डिझेल ४१ रुपयांच्या आसपास होते. लिटरमागे तीस रुपयांहून अधिक फरक! त्याच वर्षाच्या जानेवारीत मारुतीने फियाटशी करार केला होता: रांजणगावच्या कारखान्यातून वर्षाला एक लाख डिझेल इंजिने. शेतकऱ्याच्या नावाचे अनुदान सात आसनी गाड्यांच्या टाकीत ओतले जात होते आणि आपण त्याला 'डिझेलचा दम' म्हणत होतो.

५/ न्यायाने बोलायचे तर डिझेलचे गुण खोटे नाहीत. दाबाने पेट घेणारे हे इंजिन कमी इंधनात अधिक काम करते आणि कमी फेऱ्यांतही जोर देते. रोज शंभर-दीडशे किलोमीटर घाट तुडवणाऱ्याने ते जरूर घ्यावे. क्वालिसचे इंजिन टिकाऊ होते हेही खरे, पण ते टिकले त्याच्या साधेपणामुळे. त्याला ना टर्बो होता, ना संगणकाच्या हुकमाने चालणारे इंजेक्टर.

६/ खरी गफलत पुढे झाली. २००५ साली आलेल्या इनोव्हाचे २४९४ घनसेंमीचे डिझेल इंजिन कॉमन रेल पद्धतीचे, टर्बोचे. त्यात उच्च दाबाचा पंप आणि नाजूक इंजेक्टर आले, आणि ठरावीक अंतरानंतर बदलावाच लागणारा टायमिंग बेल्टही. इंजिन उत्तमच, पण ते क्वालिसचे नव्हे. आजोबांच्या प्रकृतीवरून नातवाचे आयुर्मान ठरवावे, तसे आपण क्वालिसची कीर्ती इनोव्हाला वारशाने बहाल केली. त्याच इनोव्हाला दोन लिटरचे, टायमिंग चेनचे पेट्रोल इंजिनही मिळत होते, याची आठवण किती जणांना आहे?

७/ ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलही नियंत्रणमुक्त झाले आणि महालाचा पायाच सरकला. जून २०२० मध्ये दिल्लीत डिझेल प्रथमच पेट्रोलहून महाग झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बीएस-६ लागू होताच मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या, त्यांत अर्टिगाही आली. २०२२ च्या अखेरीस इनोव्हा हायक्रॉस अवतरली ती डिझेलविनाच. गुण इंजिनाचेच असते, तर दर बदलताच ते एका रात्रीत नाहीसे झाले असते का?

८/ "मग डिझेलच्या जुन्या गाडीला अजून भाव का?" कारण आठवण दरापेक्षा हळू बदलते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ साली दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना मनाई केली, पेट्रोलला मात्र पंधरा वर्षांची मुभा राहिली. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने तीच भूमिका कायम ठेवली. साहजिकच तिथल्या गाड्या अन्य राज्यांत विकल्या जाऊ लागल्या. तेव्हा समोरची गाडी 'डिझेल आहे' एवढ्यावर भुलू नका. पहिली नोंदणी कुठली, बेल्ट कधी बदलला, इंजेक्टरचे काम झाले आहे का, आणि आपले रोजचे अंतर किती, हे चार प्रश्न विकणाऱ्याला आणि स्वतःला विचारा. घर ते शाळा आठ किलोमीटर असेल, तर वडीलधाऱ्यांना हा धागा वाचून दाखवा.