मंडळींना रामराम : चिकटवहीच्या बाजूने

गेली चौदा वर्षे आम्ही चौघे आमच्या गावातील एका प्रवासी मंडळाचे सभासद होतो. चौघेही मराठीचे अध्यापक, चौघेही चाळिशी ओलांडलेले, आणि सुट्टी लागली की पिशव्या भरणारे. यंदा दिवाळीच्या सुट्टीआधी आम्ही त्या मंडळाचा निरोप घेतला. भांडण झाले नाही, वर्गणी थकलेली नव्हती, कुणाचा अपमानही झाला नाही. म्हणूनच "का सोडलेत?" हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो. त्याचे उत्तर मंडळाच्या सभेत देणे शक्य नव्हते. तिथे प्रवासाहून परतलेल्या सभासदाला बोलायला बारा मिनिटे मिळतात, आणि त्या बारा मिनिटांत काय बोलायचे याचा एक तक्ता ठरलेला आहे. आमचे भांडण आहे ते त्या तक्त्याशी.

तक्ता असा : कसे गेलात, कुठे उतरलात, जेवण कसे होते, खर्च किती आला, काय टाळावे, आणि शेवटी स्थळाला पाचांपैकी किती गुण. हा तक्ता आम्हीच, बारा वर्षांपूर्वी, मोठ्या उत्साहाने तयार केला होता, हे आधीच कबूल केलेले बरे.

दोन वर्षांपूर्वी आम्ही विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला गेलो. परतल्यावर नेहमीप्रमाणे मंडळात निवेदन झाले. लेणी सोमवारी बंद असतात, खाजगी गाड्या फर्दापूरच्या फाट्याला सोडाव्या लागतात, पुढचे सुमारे चार किलोमीटर एस.टी.च्या गाडीने जावे लागते, पाण्याच्या बाटल्या खालीच भरून घ्याव्यात — सारे काही बिनचूक सांगून झाले. गुण साडेचार. अर्धा गुण गर्दीपायी कापला. टाळ्या पडल्या. मग मागच्या रांगेतून एका निवृत्त चित्रकला शिक्षकांनी विचारले, "पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीने कमळ कोणत्या हातात धरले आहे हो?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. चौघांपैकी एकालाही सांगता आले नाही.

उत्तर 'उजव्या' असे आहे. ते कोणत्याही पुस्तकात सापडते आणि त्या रात्री घरी जाऊन आम्ही ते शोधलेही. परंतु प्रश्न माहितीचा नव्हताच. त्या चित्रासमोर आम्ही उभे होतो. कमळ धरलेला तो हात, ते झुकलेले डोळे आमच्या डोळ्यांपुढे होते. त्या वेळी आम्ही गर्दीचा अंदाज घेत होतो, कारण मंडळात तो सांगायचा होता. दीड हजार वर्षे टिकलेल्या चित्राला आम्ही अर्धा गुण कमी दिला आणि ते पाहायचे मात्र राहून गेले.

अजिंठ्यालाच याचा एक मूळपुरुष भेटतो. १८१९ च्या एप्रिलमध्ये शिकारीच्या निमित्ताने त्या दरीत आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दहाव्या लेण्यातील एका खांबावर, तिथल्या रंगवलेल्या आकृतीवर, आपले नाव आणि तारीख कोरून ठेवली. ती अक्षरे आज उभ्या माणसाच्या डोक्यापेक्षा वर दिसतात, कारण तेव्हा लेण्यात ढिगारा साचलेला होता आणि साहेब त्या ढिगाऱ्यावर उभे होते. आम्ही विद्यार्थ्यांना ते नाव दाखवतो आणि संतापाने बोलतो. आता मात्र तो संताप थोडा आवरावासा वाटतो. स्थळावर आपली मोहोर उमटवून, 'मी आलो, मी पाहिले, माझा शेरा हा' असे जाहीर करून निघून जायचे, हेच आम्ही चौदा वर्षे करत होतो. स्मिथने चाकू वापरला, आम्ही पाचांपैकी गुण वापरले. भिंत खराब झाली नाही एवढाच काय तो फरक.

त्याच लेण्यांत दुसऱ्या जातीची माणसेही येऊन गेली. रॉबर्ट गिल १८४४ पासून जवळजवळ वीस वर्षे तिथल्या चित्रांच्या नकला करत राहिला. त्याच्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. पुढे जे. जे. कलाशाळेच्या जॉन ग्रिफिथ्सने आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन ते काम पुन्हा हाती घेतले. त्यांतल्याही बऱ्याच नकलांना लंडनमध्येच आगीने गाठले. व्यवहाराच्या भाषेत हा सारा उद्योग बुडीत खात्यातला. तरीही रेषेमागून रेष काढत ज्यांनी ते हात आणि ते डोळे पाहिले, त्यांना आमच्यासारखे मान खाली घालून बसावे लागले नसते. नक्कल करणाऱ्याला पाहावेच लागते. गुण देणाऱ्याला पाहण्याची गरज पडत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. प्रवास सांगण्याचे दोन हेतू असतात. एक, पुढच्या माणसाची सोय व्हावी. दुसरा, झालेले आपल्याजवळ राहावे. दोन्ही हेतू सज्जन आहेत. पण पहिला हेतू दुसऱ्याला गिळून बसला की प्रवासी हा वाटाड्या होतो आणि त्याचा प्रवास होतच नाही. आमच्या वाङ्मयाच्या इतिहासात याची साक्ष पहिल्या पानापासून आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले, बंडात सापडले, झाशीत लुटले गेले. त्यांनी 'माझा प्रवास' लिहिला तो सुमारे पंचवीस वर्षांनी, आणि चिं. वि. वैद्यांनी तो छापला १९०७ मध्ये. तोवर त्यातील वाटांची, धर्मशाळांची, दक्षिणेच्या दरांची माहिती पूर्ण निरुपयोगी झाली होती. पुस्तक मात्र आजही आम्ही शिकवतो. आणि हेही ध्यानात घ्यावे, की पैसा गमावलेल्या या भटजींनी घरी आणली ती गंगेची कावड. आईवडिलांना त्या पाण्याने स्नान घातले तेव्हा त्यांचा प्रवास पुरा झाला. परतताना हातात काहीतरी असावे आणि ते घरातल्या कुणासाठी असावे, ही प्रवासाची जुनी रीत आहे.

कुणी म्हणेल, माहितीचे तुम्हाला एवढे वावडे असेल तर पंडिता रमाबाईंचे काय? त्यांचे १८८९ चे अमेरिकेवरील पुस्तक माहितीने ओतप्रोत भरलेले आहे. खरे आहे. परंतु रमाबाईंची माहिती एका प्रश्नाभोवती गोळा झालेली आहे : त्या देशातील स्त्रिया आपले जीवन कसे घडवतात, आणि आमच्याकडे ते का घडत नाही? त्या प्रश्नाची धग प्रत्येक आकड्याला लागलेली आहे. आमच्या तक्त्यात प्रश्नच नव्हता, नुसते रकाने होते.

हा रोग मंडळापुरता असता तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. तो आमच्या वर्गात आहे, आणि तो आम्ही आणला आहे. प्रवासवर्णनाचा पेपर शिकवणारे आम्ही, सहलीहून आल्यावर विद्यार्थ्यांकडून मागतो काय? 'अहवाल'. निघण्याची वेळ, पोहोचण्याची वेळ, उपस्थितांची संख्या, आणि मूल्यांकनाच्या फायलीसाठी अक्षांश-रेखांश छापलेली छायाचित्रे. मग तेच विद्यार्थी परीक्षेत प्रवासवर्णनाचे 'वाङ्मयीन विशेष' पाठ करून लिहितात, आणि त्यांना अनुभव घेता येत नाही असा शेरा आम्ही उत्तरपत्रिकेवर मारतो. अनुभवाची जागा ज्यांनी रकान्यांनी भरून टाकली त्यांनीच हा शेरा मारावा, यापरते ढोंग नाही.

म्हणून आम्ही चिकटवही सुरू केली आहे.

शब्द ऐकून हसू येईल याची कल्पना आहे. चिकटवही म्हटले की शाळेतला प्रकल्प, प्राण्यांची कापलेली चित्रे आणि बोटांना चिकटलेला डिंक आठवतो. आमची वही याहून फारशी वेगळी नाही. जाड कागदाची, शिवलेली, पाने सुटी न होणारी वही. तिच्यात एस.टी.चे तिकीट, हॉटेलच्या बिलामागे कुणी काढून दिलेला रस्त्याचा नकाशा, गूळ बांधून दिलेल्या वर्तमानपत्राचा तुकडा, देवळातल्या पावतीचा कागद. प्रत्येकाशेजारी त्याच दिवशी लिहिलेल्या दोनचार ओळी. आणि प्रत्येक ठिकाणचे एक तरी हाताने काढलेले चित्र, कितीही वाईट असले तरी. मागच्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा अजिंठ्याला गेलो. आमच्यापैकी एकीने पद्मपाणीचा तो हात काढला. बोटे भेंडीसारखी आली आहेत. पण आता तो हात उजवा की डावा, हे आम्हाला झोपेतही सांगता येईल.

काही व्यावहारिक धडेही मिळाले. पूर्वीची एस.टी.ची रंगीत, चिमट्याने भोके पाडलेली तिकिटे दशके टिकत. यंत्रातून निघणाऱ्या आजच्या तिकिटावरची अक्षरे काही महिन्यांत पुसट होतात, तेव्हा गावाचे नाव आणि भाडे शेजारी पेन्सिलीने लिहून ठेवावे लागते. चिकटपट्टी पिवळी पडून कागद खाते. जुन्या पुस्तकबांधणीवाल्यांप्रमाणे खळ शिजवणे बरे. स्थळावरून काहीही उचलायचे नाही, दगडाचा कपचा नाही, झाडाचे फूल नाही. जे प्रवाशाच्या हाती आपण होऊन येते तेवढेच वहीत जाते.

आक्षेप येतील, काही आलेही आहेत. पहिला, की आम्ही स्वार्थी झालो. रात्री अनोळखी स्थानकावर उतरणाऱ्या एकट्या बाईला कुठे थांबणे सुरक्षित हे कुणीतरी सांगायलाच हवे. मान्य. जो विचारील त्याला आम्ही सांगू, आजवर सांगितले त्याहून मनापासून सांगू. पण सांगता यावे म्हणून जाणे आणि गेलो होतो म्हणून सांगणे, यांत अंतर आहे.

दुसरा आक्षेप, की हाही बाजारच आहे. तयार चिकटवह्या, तयार चित्रपट्ट्या, सोनेरी अक्षरांत छापलेले 'आठवणी' दुकानात मिळतात. हेही मान्य, आणि हे नवे नाही. आयता डिंक लावलेल्या पानांच्या चिकटवहीचे पेटंट मार्क ट्वेनने १८७३ मध्येच घेतले होते. हाच ट्वेन 'इनोसंट्स अब्रॉड'मध्ये स्मारकांचे टवके काढून खिशात घालणाऱ्या आपल्या सहप्रवाशांची टर उडवतो. डिंक त्याने विकला खुशाल. काय चिकटवावे हे तो विकू शकला नाही. आमचा नियम सोपा आहे : वहीत चिकटवण्यासाठी म्हणून विकत घेतलेली कोणतीही वस्तू वहीत जाणार नाही.

तिसरा आक्षेप आमच्याच व्यवसायबंधूंचा आहे, आणि तो आम्हाला सर्वांत जास्त लागला : हा बायकामुलांचा फावल्या वेळचा खेळ, याचा वाङ्मयाशी संबंध काय?

आमच्यापैकी एकीच्या आईची अशी एक वही आहे. हिशेबाच्या जुन्या खतावणीत केलेली. आधी पाककृतींची कात्रणे, मग मध्येच कन्याकुमारीची सहल, साल १९७४. रेल्वेची दोन पुठ्ठ्याची तिकिटे, तिथे विकतात त्या रंगीत वाळूच्या पुडीचा रिकामा कागद, विवेकानंद स्मारकाचे एक चित्रकार्ड. आणि कार्डाखाली शाईने एक ओळ : "आज पाय फार दुखले. यांना सांगितले नाही." एवढेच. त्या सहलीच्या गोष्टी वडिलांनी जन्मभर सांगितल्या, पाहुण्यांना, शेजाऱ्यांना, जावयाला. गाडी किती तास उशिरा आली, इडली किती आण्यांना का पैशांना मिळाली, सारे काही घरात सर्वांना पाठ होते. आई शेजारी बसून हसत असे. ती ओळ मुलीच्या हाती पडली तेव्हा आई जाऊन नऊ महिने झाले होते.

ज्या समीक्षेला बखरी चालतात, दानपत्रे चालतात, थोरामोठ्यांची पत्रे आणि रोजनिश्या चालतात, तिने ही ओळ कोणत्या रकान्यात घालायची ते सांगावे. मराठी प्रवासवर्णनाच्या इतिहासात एक दालन असे असेल, की ज्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिले नाही, कारण ते छापले गेले नाही, सभेत बोलले गेले नाही, आणि लिहिणारी शेजारी बसून हसत होती. त्या वह्या माळ्यांवर आहेत. घर आवरताना त्या रद्दीत जात आहेत. आमच्या विद्यार्थ्यांनी निदान आपल्या घरचा माळा एकदा चढून पाहावा, एवढी विनंती आहे.

मंडळातील मित्रांवर आमचा राग नाही. त्यांच्यामुळे आम्ही खूप हिंडलो. मात्र यापुढे आम्ही कोणत्याही स्थळाला गुण देणार नाही. येत्या सहलीपासून वर्गालाही अहवाल मागणार नाही. तीन चिकटवलेली पाने मागू, त्यांत एक चित्र हाताने काढलेले. फायलीला अहवाल लागतोच. तो आम्ही चौघे बसून लिहू. निघण्याची वेळ, पोहोचण्याची वेळ, उपस्थितांची संख्या. तेवढे आम्हाला उत्तम जमते.