बरणीतला कोळी

परवा आषाढातल्या एका संध्याकाळी दवाखाना बंद करण्याच्या बेतात होतो. एवढ्यात टोकावड्याकडून एक माउली आपल्या बारावीतल्या मुलाला घेऊन आली. मुलाला ताप नव्हता, खोकला नव्हता. त्याच्या पिशवीत बिस्किटांची एक प्लॅस्टिकची बरणी होती आणि बरणीत तळहाताएवढा, तपकिरी, केसाळ कोळी.

"डॉक्टर, ह्यो घरात पाळायचा म्हणतो. घरात दोन वर्सांची बारकी पोर हाये. तुम्हीच सांगा त्याला," माउली म्हणाली.

मुलाने तो कोळी पायवाटेशेजारच्या दरडीतून, पावसाने बीळ ढासळल्यावर उचलला होता. मोबाइलवर परदेशातली मुले असे कोळी हातावर खेळवताना त्याने पाहिले होती. मी रागावेन, असे माउलीला वाटले असावे. मला राग आला नाही. आपल्याकडे असा कोळी दिसला की चप्पल किंवा रॉकेलची बाटली शोधली जाते. या मुलाने त्याला मारले नाही, उलट "हा खातो काय?" असे विचारले. या प्रश्नाचे नीट उत्तर देणे मी माझे कर्तव्य समजतो.

वाचकहो, हा टॅरंटुला. इटलीतल्या तारांतो शहरावरून हे नाव पडले. तिथे पूर्वी कोळी चावलेल्या माणसाला वाजंत्री लावून दमेपर्यंत नाचवीत, म्हणजे विष उतरते अशी समजूत होती. आपल्या मंत्र-उताऱ्यांना हसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. सह्याद्रीच्या उतारांवर टॅरंटुलाच्या अनेक जाती आहेत. काही मातीत बीळ करतात, काही झाडांच्या ढोलीत राहतात. ढोलीत राहणाऱ्या पोसिलोथेरिया रेगॅलिस या भारतीय जातीचे शास्त्रीय वर्णन १८९९ सालीच झाले आहे. पावसाळ्यात बिळात पाणी शिरले, किंवा नर मादीच्या शोधात निघाला, की हे प्राणी पडवीत, न्हाणीघरात दिसतात. ते माणसावर चालून येत नाहीत, कोरडी जागा शोधत असतात. मादी दहा वर्षांहूनही अधिक जगते. म्हणजे आपण चपलेने चिरडतो तो जीव कदाचित आपल्या शाळकरी मुलाच्या वयाचा असतो.

आता पाळण्याविषयी. ज्याच्या घरी असा कोळी आधीच आला आहे, त्याने निदान एवढे सांभाळावे. बरणीला हवेसाठी बारीक भोके हवीत आणि झाकण घट्ट हवे. बरणी उन्हात ठेवू नये. तळाशी ओलसर माती, लपायला नारळाच्या करवंटीचा तुकडा आणि उथळ झाकणात पाणी पुरे. आठवड्यातून एकदा एखादा रातकिडा द्यावा. घरात फवारणी केली असेल तर तिथले झुरळ देऊ नये, त्याबरोबर औषधही कोळ्याच्या पोटात जाते. काही आठवडे त्याने खाल्ले नाही तरी घाबरू नये. एखाद्या दिवशी तो उताणा पडलेला दिसेल. तो मेला असे समजून बरणी उकिरड्यावर रिकामी करू नका. तो कात टाकत असतो. त्या वेळी त्याला हात लावू नये आणि जिवंत किडा आत ठेवू नये, कारण अंग मऊ असताना किडाच त्याला कुरतडतो.

आणि हातावर मुळीच घेऊ नये. हातभर उंचीवरून पडला तरी त्याचे पोट फुटू शकते. आपल्याकडचे टॅरंटुला चपळ असतात आणि त्यांचा चावा चांगलाच दुखतो. अमेरिकेतले अनेक टॅरंटुला चावण्याआधी पोटावरचे खाजरे केस उडवतात. इंग्लंडमधल्या लीड्स शहरात एका गृहस्थाच्या डोळ्याच्या बुबुळात असे केस रुतून बसल्याची हकिकत २०१० साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आली होती. तो आपल्या पाळीव कोळ्याची काचपेटी साफ करत होता. आपल्या देशी जातींना असे केस नसतात, त्यांचा भरवसा दातांवर.

चावलाच तर साबणपाण्याने जखम धुवावी, बोटातली अंगठी काढावी, थंड पाण्याची पट्टी ठेवावी, दवाखान्यात जाऊन धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे. दुखणे आणि सूज बहुधा दोन-चार दिवसांत उतरते. झाडावरच्या पोसिलोथेरिया जातींच्या चाव्याने मात्र स्नायूंत जोराचे गोळे येतात, आणि ते कधीकधी काही दिवसांनीही येतात. तसे झाल्यास रुग्णालय गाठावे. टॅरंटुलाच्या चाव्याने माणूस दगावल्याची खात्रीशीर नोंद नाही. म्हणून जखम कापणे, चोखणे, चुना भरणे, दोरी आवळणे यातले काहीही करू नये.

मग हा कोळी निरुपद्रवी आहे, तर पाळायला हरकत काय? माझ्या मते हरकत आहे, आणि ती एका जुन्या चुकीतून आलेली आहे. चूक माझी आहे, म्हणून स्पष्ट सांगतो.

काही वर्षांपूर्वी श्रावणात शहापूरच्या खेडेगावातून एक शेतमजूर मध्यरात्रीनंतर माझ्याकडे आला. जमिनीवर गोधडी टाकून झोपला होता, दंडाला काहीतरी चावले म्हणून उठला. बत्ती लावली तर भिंतीवर मोठा केसाळ कोळी. घरच्यांनी तो मारला आणि कागदात गुंडाळून बरोबर आणला. दंडावर सूज नव्हती, खूण शोधावी लागत होती. पोटात दुखते म्हणत होता. मी कागदातला कोळी पाहिला, माझे समाधान झाले. इंजेक्शन दिले, धीर दिला, घरी पाठवले. पहाटे त्याला परत आणले तेव्हा त्याच्या पापण्या मिटत होत्या, शब्द जड झाले होते. ती मण्यार होती. मोठ्या रुग्णालयात श्वासाच्या यंत्रावर बरेच दिवस काढून तो घरी आला. तो वाचला, याचे श्रेय माझे नाही.

मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावते. चाव्याची जागा फारशी दुखत नाही, सुजत नाही. पोटदुखी, उलटी, पापण्या जड होणे ही तिची लक्षणे. मारलेला कोळी पुरावा म्हणून समोर आला आणि मी रोग्याकडे पाहण्याऐवजी कागदाकडे पाहिले. तेव्हापासून माझा नियम असा आहे: रात्री अंथरुणात काही चावले आणि चावताना ते डोळ्यांनी पाहिले नाही, तर तो साप समजावा आणि किमान २४ तास रुग्णालयात राहावे. १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालणारी लस सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. जवळ सापडलेला कोळी, गोम, विंचू हा आरोपी असेलच असे नाही.

म्हणून मी त्या मुलाला विचारले, "उद्या तुझ्या बहिणीला रात्री काही चावले, तर घरचे आधी काय म्हणतील?"

"ह्या कोळ्यानंच चावलं म्हणतील," तो म्हणाला.

"आणि बरणीचे झाकण बंद असेल, कोळी आतच असेल, तर?"

तो गप्प झाला. माउलीने पोरीला झोपवायला कालपासून खाट काढली होती. मी म्हटले, हे सर्वांत चांगले केलेत, कोळी गेला तरी खाट राहू द्या. मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा गादीखाली खोचा.

दुसरी हरकत कोळ्याच्या बाजूची आहे. आज एक मुलगा हौसेने बरणी भरतो, उद्या कोणी पैशासाठी भरतो. २०२१ साली चेन्नईत पोलंडहून टपालाने आलेल्या एका पार्सलमधून सीमाशुल्क विभागाने १०७ जिवंत कोळी पकडले होते. पोसिलोथेरिया जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१९ पासून बंधने आहेत. तानसा अभयारण्यातून तर कोणताही वन्यजीव परवानगीशिवाय उचलणे हा गुन्हाच आहे. ज्यांनी परदेशी कोळी विकत घेतला असेल त्यांनी कागदपत्रे आणि नोंदणीची खात्री वनविभागाकडे करून घ्यावी, आणि कंटाळा आला म्हणून तो आपल्या रानात कधीही सोडू नये. दरडीतून उचललेल्या देशी कोळ्याचे मात्र घर आपल्याला ठाऊक असते.

मुलगा दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला त्याच दरडीवर गेला आणि बरणी आडवी करून थांबला. कोळी बराच वेळ बाहेर येईना, मग हळूच निघून दगडाखाली गेला, असे त्याने मला येऊन सांगितले. आता तो बॅटरी घेऊन दोन हात लांबून बीळ पाहतो आणि वहीत लिहून ठेवतो. पायात बूट आणि हातात काठी असल्याशिवाय जायचे नाही, हे त्याच्या आईने बजावले आहे. बरणीत पुन्हा बिस्किटे भरली आहेत.

पाळण्याची हौस वाईट नाही. पण ज्याचे घर आपल्याच शिवारात आहे, त्याला पाळायला बरणी लागत नाही. या पावसाळ्यात एवढे करा: कोळी दिसला तर झाडूने सुपलीत घेऊन बाहेर सोडा, आणि अंधारात काही चावले तर कोळ्याला दोष देण्यात रात्र घालवू नका.