खोटा मोठेपणा खऱ्याला झाकतो

गेल्या वर्षी आंतर-हाउस वक्तृत्व स्पर्धेत माझ्या मुलाला पहिले बक्षीस मिळाले. विषय होता 'सैनिकांनी समाजाला काय दिले?' वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकलेल्या ॲबनर डबलडे यांनी १८३९ मध्ये कूपरस्टाउन गावच्या कुरणात बेसबॉलचा शोध लावला आणि अमेरिकेला तिचा राष्ट्रीय खेळ दिला, असा त्याच्या भाषणाचा शेवट होता. टाळ्या भरपूर पडल्या. हाउसला गुण मिळाले. हा किस्सा त्याला मीच सांगितला होता. लहानपणी कुठेतरी वाचलेला; तपासून कधीच पाहिलेला नव्हता.

आम्ही कुंभकोणमजवळच्या आडुतुरैचे. घरात तंजावुरी मराठी, बाहेर तमिळ. या सुट्टीत न्यू जर्सीला माझ्या धाकट्या भावाकडे जाणे झाले, तेव्हा मुलाचा एकच हट्ट होता: डबलडे यांचे मैदान पाहायचे. डब्यात चिंचेचा भात आणि दहीभात घेऊन आम्ही पहाटे निघालो. गाडी काका चालवत होते.

वेस्ट पॉइंट वाटेवरच आहे. दीडेक तासात पोहोचलो. हडसन नदीच्या वळणावर उंच जागी अकादमी आहे. पाहुण्यांना बसमधून फिरवतात. संचलनाच्या मोठ्या मैदानाजवळच अकादमीचे बेसबॉलचे मैदान आहे आणि त्याचेही नाव 'डबलडे फील्ड'. मुलगा खूश झाला. भाषणात सांगितलेली गोष्ट डोळ्यांसमोर होती. मग त्याने डबलडे यांची माहिती वाचायला घेतली आणि एकदम गप्प झाला.

"अप्पा, हे १८३८ मध्ये इथे दाखल झाले आणि १८४२ मध्ये बाहेर पडले. मग १८३९ मध्ये कूपरस्टाउनच्या कुरणात हे कसे?"

लष्करी शाळेत राहिलेल्या मुलाला ही शंका लगेच आली. नव्या कॅडेटला घरी जायला सुट्टी किती सहज मिळते, हे त्याला कोणी शिकवायला नको होते. माझ्याकडे उत्तर नव्हते.

पुढे कूपरस्टाउनपर्यंत अडीच-तीन तास. गाव लहान, टुमदार, तळ्याच्या काठी. मुख्य रस्त्याला लागूनच विटांच्या प्रेक्षागाराचे 'डबलडे फील्ड' आहे. सुमारे दहा हजार माणसे बसतील एवढे. शाळकरी मुलांचा सामना चालू होता. तासभर बसून पाहिला. क्रिकेट खेळणाऱ्याला हा खेळ समजायला वेळ लागत नाही: फेकणारा, मारणारा, आणि चार बेसना फेरी घालून घरी परत येणारा धावपटू.

खरे उत्तर मिळाले ते जवळच्या बेसबॉल संग्रहालयात. हे संग्रहालय १९३९ मध्ये डबलडे यांच्या कथेची शताब्दी साजरी करताना उघडले. आज तेच ही दंतकथा असल्याचे मान्य करते. खेळ इंग्लंडमधून आला की अमेरिकेतच जन्मला, हा वाद मिटवायला १९०५ मध्ये एक आयोग बसला. त्याला खेळ अमेरिकनच ठरवायचा होता. मुख्य आधार होता एका वृद्ध गृहस्थाच्या पत्राचा. हे गृहस्थ १८३९ मध्ये पाच वर्षांचे होते! एवढ्यावर १९०७ मध्ये निर्णय झाला. डबलडे तोवर जिवंत नव्हते. ते १८९३ मध्येच वारले होते आणि हा शोध आपला असल्याचा दावा त्यांनी कधीच केला नव्हता. उलट मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्ड गावी सभागृहाच्या खिडक्या फुटू नयेत म्हणून तिथे बेसबॉल खेळायला बंदी करणारा १७९१ चा नियम सापडला आहे. संग्रहालयात थोर खेळाडूंच्या नावांच्या पाट्यांचे दालन आहे. त्यात डबलडे यांची पाटी नाही.

काही पालक म्हणतील, दंतकथेने काय बिघडते? मुलांना अभिमान वाटतो, स्फूर्ती मिळते. मला हे पटत नाही, आणि याचे कारण डबलडे यांच्याच चरित्रात आहे. १२ एप्रिल १८६१ रोजी फोर्ट सम्टरवर हल्ला झाला तेव्हा किल्ल्यातून उत्तरादाखल पहिली तोफ त्यांनी डागली. १ जुलै १८६३ रोजी गेटिसबर्गला वरिष्ठ सेनापती पडल्यावर त्यांनी कोअरची सूत्रे हाती घेतली आणि मोठ्या सैन्यासमोर कित्येक तास टिकाव धरला. हे त्यांनी खरोखर केले. पण त्यांचे नाव लोकांच्या तोंडी आहे ते न केलेल्या कामासाठी.

आम्हा तंजावरच्या मराठी माणसांचेही असेच आहे. 'सांबार संभाजी महाराजांच्या पाहुणचारासाठी तंजावरच्या मुदपाकखान्यात जन्मले', ही आमची लाडकी गोष्ट. मीही ती पाहुण्यांना वाढताना सांगत आलो. तिला समकालीन कागदाचा पुरावा नाही. पण दुसऱ्या सरफोजी राजांनी वाढवलेला सरस्वती महाल ग्रंथसंग्रह, तिथले मोडी कागद, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तंजावरात चालवलेला देवनागरी छापखाना, बृहदीश्वराच्या मंदिरावर १८०३ मध्ये कोरलेला भोसले घराण्याचा मराठी शिलालेख, हे सारे खरे आहे. आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांना मात्र सांबार ठाऊक असते, शिलालेख नाही. खोट्या मोठेपणाचे नुकसान हेच: तो खऱ्याची जागा अडवून बसतो.

आमच्या आडुतुरैत १९२२ पासून भाताचे संशोधन केंद्र आहे. नवे वाण नुसते डौलदार दिसले म्हणून शेतकऱ्याच्या हाती दिले जात नाही. आधी हंगामामागून हंगाम शेतात त्याची परीक्षा होते. मुलांच्या डोक्यात आपण जे पेरतो, त्याला एवढीही कसोटी नको का? कॅडेटला तर ती जास्तच हवी. गस्तीवरून परतलेल्याने पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे करून सांगितले नाही, तर त्याच्या भरवशावर पुढे जाणारी माणसे प्राणाला मुकतील.

परतीच्या वाटेवर मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "अप्पा, हाउसचे गुण गेले तर मुले मला काय म्हणतील?" मी म्हणालो, "चूक माझीही आहे. पण भाषण तू केलेस, ठरवायचे तूच." तिसऱ्या रात्री त्याने हाउस मास्तरांना पत्र लिहिले: माझ्या भाषणातली शेवटची गोष्ट खरी नाही, बक्षीस परत घ्यावे की नाही, ते आपण ठरवावे. निर्णय काहीही होवो, त्या पत्राचा मला बक्षिसापेक्षा जास्त अभिमान आहे. माझ्या वाट्याची दुरुस्ती म्हणजे हा लेख.

प्रशिक्षकांना एक विनंती. यापुढे वक्तृत्व स्पर्धेत प्रत्येक भाषणानंतर परीक्षकांनी एकच प्रश्न विचारावा: "हे तुला कुठून कळले?" त्या उत्तरालाही गुण द्यावेत. आणि पालकांनो, गोष्ट सांगण्याआधी तोच प्रश्न आपण स्वतःला विचारू या.